सहा यार्डांचे वर्तुळ

समुद्रकाठी हेन्री नावाचा एक लहानगा खेळतो आहे. भरतीच्या पाण्याबरोबर वाळूवर आलेल्या इवल्याशा पारदर्शक जीवांना काडीने डिवचायचे, त्यांच्यासाठी चर खणायचे, आणि ते आपल्याच हुकमाने हलताहेत असे मानून हरखून जायचे, एवढाच त्याचा उद्योग. मागे ताडाआड रॉजर उभा आहे. वयाने थोडा मोठा, स्वभावाने अबोल. तो मूठभर दगड गोळा करतो आणि हेन्रीच्या रोखाने एकेक भिरकावू लागतो. वाचक म्हणून आपण इथे जरा थांबावे, कारण विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीचे सारे मर्म त्या दगडांच्या पडण्यात साठवलेले आहे. एकही दगड हेन्रीला लागत नाही. रॉजरचा नेम वाईट नाही. तो नेम धरूनच चुकवतो आहे. हेन्रीभोवती साधारण सहा यार्ड व्यासाचे एक अदृश्य वर्तुळ आहे, आणि त्याच्या आत दगड टाकायला रॉजरचा हात धजत नाही.

कुणी आखले हे वर्तुळ? आईबापांनी, शाळेने, पोलिसाने, कायद्याने. आणि मोठ्यांवाचून मुलेच अडकून पडलेल्या या निर्जन बेटावर यांतले कुणीही नाही. उलट ज्या जगाने रॉजरच्या हाताला हे वळण लावले, ते जग तिकडे अणुयुद्धात कोसळते आहे. म्हणजे आज्ञा देणारा उरलेला नाही, शिक्षा करणारा उरलेला नाही, तरी आज्ञा मात्र एका पोराच्या दंडात अजून जिवंत आहे. सामाजिक नियम नेमका कुठे राहतो, या प्रश्नावर पंडितांनी ग्रंथ लिहिले. गोल्डिंगने तो एका हाताच्या अडखळण्यात दाखवला.

मोठ्यांवाचून एकट्या पडलेल्या मुलांत व्यवस्था का मोडते, याचे एक ठोकळेबाज उत्तर या कादंबरीच्या नावावर सर्रास खपवले जाते: माणूस मुळात पशूच, वरचा मुलामा खरवडला की संपले. हे उत्तर मला फार ढोबळ वाटते. माणसाच्या ठायी दुष्टता उपजत असते असे गोल्डिंग स्वतः म्हणे, हे खरे. पण त्याची कादंबरी त्याच्या मतांपेक्षा शहाणी आहे. तिच्यात व्यवस्था कोसळत नाही, झिजते; आणि ती कशी झिजते हे पाहण्यातच तिचा खरा रस आहे.

लेखकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गोल्डिंग सॉल्झबरीच्या बिशप वर्ड्‌सवर्थ शाळेत मास्तर होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता. नॉर्मंडीच्या चढाईत अग्निबाण सोडणारी एक नौका त्याच्या हुकमतीत होती. म्हणजे पोरांचे वर्ग आणि मोठ्यांची कत्तल, दोन्ही त्याने जवळून पाहिलेली. आर. एम. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ या 1857 च्या गोष्टीत राल्फ, जॅक आणि पीटरकिन अशी तीन इंग्रज मुले निर्जन बेटावर अडकतात आणि मोठ्या सद्गुणाने राहतात. गोल्डिंगने त्यांतली दोन नावे उचलली आणि वेगळी गोष्ट सांगितली. हस्तलिखित प्रकाशकांकडून प्रकाशकांकडे फिरून परत येत राहिले. अखेर फेबर अँड फेबरमधल्या चार्ल्स माँटिथ या तरुण संपादकाला त्यात काही दिसले आणि 1954 मध्ये पुस्तक निघाले. मूळ प्रतीच्या आरंभी युद्धाचे वर्णन होते, ते माँटिथने काढायला लावले. त्याचे आपण आभार मानावेत. आता कादंबरी उघडते ती थेट बेटावर.

आणि उघडताच हाती येतो शंख. आपल्या कानात शंख म्हटला की एकीकडे देवघर आणि दुसरीकडे कुरुक्षेत्र घुमते, त्यामुळे या शंखाचे वजन मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. राल्फ या मुलाला तो खाजणाच्या उथळ पाण्यात दिसतो. तो वाजवायचा कसा, हे ठाऊक असते त्याच्या सोबतच्या पिगीला. फुंकर पोटातून यावी लागते, असे तो सांगतो. दम्यामुळे त्याला स्वतःला फुंकता येत नाही. ज्ञान एकाचे, श्वास दुसऱ्याचा, अशी ही पहिली हाक उठते आणि झाडीतून मुले येऊ लागतात. मग निवडणूक होते. राल्फ का निवडून येतो? त्याच्यात एक स्थिरपणा आहे, तो दिसायला देखणा आहे, आणि मुख्य म्हणजे शंख त्याच्या मांडीवर आहे. मतदान हाही मुलांना एक खेळच वाटतो. पण ज्याच्या हाती शंख त्याने बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे, हा नियम ठरतो तेव्हा खेळातून काहीतरी खरे जन्माला येते. जगातल्या कुठल्याही सभागृहाचे सार याहून वेगळे काय असते!

आता गोल्डिंगची कारागिरी पाहा. सापडला तेव्हा शंखाचा वर्ण दाट सायीसारखा, त्यावर अधूनमधून विरलेली गुलाबी छटा. सभा होत राहतात, ऊन लागत राहते, आणि हळूहळू ती साय नि ती गुलाबी झाक उडून शंख पांढराफटक होतो. लेखक याचा गाजावाजा करत नाही. एका सभेच्या वर्णनात जाता जाता नोंदवतो. सत्ता वापरल्याने पवित्र होते तशीच निस्तेजही होते, हे सांगायला त्याला एक रंगच पुरतो.

त्याच सभेच्या जागी एक ओंडका आहे. बसायला म्हणून ओढून आणलेला, पण नीट टेकलेला नाही. कुणी जरा चुकीचा बसला की तो उसळतो आणि बसलेली सगळी पोरे मागे कोलमडतात. मग हशा. दर सभेला हेच. एवढ्या सभा होऊनही त्या ओंडक्याखाली एक दगड सरकवण्याचे कुणाला सुचत नाही. ही ओळ वाचली तेव्हा मला जे भय वाटले, ते नंतरच्या साऱ्या रक्तपातातही वाटले नाही. बेटावर दगडांना तोटा नाही. रॉजरला फेकायला दगड मिळतात, डोंगरावरून शिळा ढकलायला सगळ्यांची झुंबड उडते. ओंडक्याला उटी लावायला मात्र कुणाला सवड नाही. पडण्यात गंमत आहे ना! अव्यवस्थेचे पहिले रूप क्रूर नसते, ते गमतीचे असते.

झोपड्यांचेही तसेच. पहिली बांधताना सगळे हजर, म्हणून ती बरी उभी राहिली. दुसरीला चौघे उरले. तिसरी राल्फ आणि सायमन या दोघांनी कशीबशी लटपटती उभी केली. बाकीचे पोहायला, फळे खायला, भटकायला गेले. नारळाच्या करवंट्यांत पाणी भरून ठेवायचे ठरले, काही दिवस भरले, मग करवंट्या कोरड्या. शौचाला भरतीच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या खडकांपाशीच जायचे ठरले, मग जवळ पडेल तिथे. प्रत्येक ठराव टाळ्यांनी मंजूर होतो; ठराव करण्यात सोहळा आहे, पाळण्यात कंटाळा. कुठल्याही संस्थेची सर्वसाधारण सभा पाहिलेल्या वाचकाला इथे ओठ दाबून हसू येईल, आणि यावेच. पुढेपुढे तर खुद्द राल्फच्या मनातही एक पडदा फडफडू लागतो. डोंगरावर धूर का राखायचा, हे बोलता बोलता त्याला आठवेनासे होते आणि पिगीला आठवण करून द्यावी लागते. सुटका व्हावी हा हेतू शत्रूने हिरावलेला नाही, तो विस्मरणातच विरघळतो आहे.

या विस्मरणाची सर्वांत हृद्य आणि दारुण बाजू आहे नावांची. पिगीचे खरे नाव काय? कादंबरी संपते तरी आपल्याला कळत नाही, कारण तिच्यात कुणी ते विचारतच नाही. पहिल्याच भेटीत तो राल्फचे नाव विचारतो आणि आपले विचारले जाईल म्हणून वाट पाहतो. राल्फला तेवढी उत्सुकता नसते. मग ‘एवढ्या एका नावाने हाक मारू नका’ अशा काकुळतीने तो आपले शाळेतले चिडवण्याचे नाव सांगून बसतो, आणि राल्फ पुढे तेच सर्वांसमोर उघड करतो. नायक चांगला मुलगा आहे, आणि चांगल्या मुलाकडूनही अशी पहिली चूक होते. हाच पिगी सगळ्यांची नावे टिपून घ्यायची, मोजदाद करायची म्हणतो. लहानगे एका जागी ठरत नाहीत, यादी राहून जाते. चेहऱ्यावर तांबड्या-जांभळ्या डागाची जन्मखूण असलेला एक चिमुरडा सभेत उभा राहून रात्रीच्या सापासारख्या कशाबद्दल तरी बोलतो. थोड्याच वेळात मुलांनी उत्साहाने पेटवलेला पहिला जाळ रानात पसरतो, आणि त्यानंतर ती खूण कुणाला दिसत नाही. तो मेला असे म्हणायलाही यादी हवी. ती नाही, म्हणून फक्त एक अस्वस्थ शांतता. बेटावरचा पहिला मृत्यू कुणाच्या दुष्टपणाने झाला नाही, बेहिशेबीपणाने झाला.

आणि पर्सिव्हल! पर्सिव्हल वेमिस मॅडिसन या लहानग्याला घरी कुणीतरी आपले नाव, पत्ता, टेलिफोन क्रमांक घोकून घेतला आहे. हरवलास तर हे म्हणायचे, म्हणून. भर सभेत तो रडत रडत तो मंत्र म्हणू लागतो. त्या मंत्राने घरी पोचवावे अशी त्याची श्रद्धा. पण मध्येच टेलिफोनचा क्रमांक हरपतो आणि उरतो केवळ हुंदका. शेवटच्या पानांवर जेव्हा खरोखरच ज्याला सांगावे असा मोठा माणूस समोर येतो, तेव्हा पर्सिव्हल तोंड उघडतो आणि त्याला आपले नावही पुरते आठवत नाही. लेखकाने हा धागा मोजक्याच वेळा वर काढला आहे. आणखी एकदा काढला असता तर बिघडले असते.

जॅककडे वळू. गायकवृंदाचा हा म्होरक्या काळे झगे घातलेल्या पोरांना रणरणत्या उन्हात रांगेत चालवत आणतो, आणि आपल्याला आडनावाने हाक मारावी असा त्याचा आग्रह असतो. पहिले डुक्कर वेलींत सापडते तेव्हा त्याचा सुरा वर उठतो आणि तिथेच थबकतो. जिवंत मांसात पाते घालायचे, या कल्पनेने. डुक्कर पळते. तो ओशाळतो आणि सुरा झाडात खुपसतो. म्हणजे जॅकभोवतीही एक वर्तुळ होतेच. ते ओलांडायला त्याला चेहरा बदलावा लागतो. पांढरी माती, तांबडी माती, कोळसा. एक गाल आणि एक खोबण पांढरी, उरलेला अर्धा चेहरा तांबडा, आणि उजव्या कानापासून डाव्या जबड्यापर्यंत कोळशाचा आडवा पट्टा. हेतू साधा, शिकारीचा. डुकराला आपण दिसू नये. मग करवंटीतल्या पाण्यात तो स्वतःला पाहतो आणि तिथे दिसतो कुणी अनोळखी, भयंकर. तो आनंदाने नाचू लागतो. डुकरापासून लपण्यासाठी चढवलेला रंग त्याला स्वतःच्याच लाजेपासून लपवतो, हे मानसशास्त्र गोल्डिंगने एका करवंटीभर पाण्यात दाखवले आहे.

त्याच तासाला क्षितिजावर जहाज दिसते. डोंगरावरचा जाळ विझलेला, कारण राखणीच्या जुळ्या भावांना जॅकने शिकारीला नेलेले. शिकारी डुक्कर खांद्यावर टांगून गात येतात आणि राल्फ सांगतो की जहाज निघून गेले. पिगी बोलतो, जॅक त्याला मारतो, चष्म्याची एक काच फुटते. (याच चष्म्याने मुले जाळ पेटवतात, आणि इथे गोल्डिंगची एक गफलत आहे: पिगीला दूरचे दिसत नाही, आणि तसल्या अंतर्गोल भिंगाने ऊन एकवटत नाही, जाळ पेटूच शकत नाही. पदार्थविज्ञानाने ही कादंबरी केव्हाच नापास केली आहे. वाचकांनी तिला वरच्या वर्गात घातले.) पण या प्रसंगातला सर्वांत सूक्ष्म क्षण पुढचा आहे. जॅक जाळ विझल्याबद्दल माफी मागतो, आणि शिकारी त्या माफीवरच खूश होतात, केवढा दिलदार! अपराध माफीच्या डौलात बुडून जातो. मग मांस भाजले जाते आणि राल्फ, मनाशी नकार ठरवलेला राल्फ, भुकेने हात पुढे करतो. पिगीला जॅक मुद्दाम वाटा देत नाही. सायमन आपला तुकडा त्याच्याकडे सरकवतो.

पुढे एक वर्तुळ बनते, हेन्रीभोवतीच्या वर्तुळाच्या अगदी उलट. शिकारीनंतरच्या नाचात मॉरिस डुक्कर होतो, सगळे फेर धरतात, ते लुटुपुटीचे. दुसऱ्या खेपेला रॉबर्ट डुक्कर होतो आणि त्याला खरेच लागते. राल्फचाही हात त्याच्या अंगापर्यंत पोचायला शिवशिवतो. पुढच्या वेळी एखादा लहानगा घेऊ, असे जॅक म्हणतो आणि सगळे हसतात. तिसऱ्या खेपेला, विजांच्या कडकडाटात, त्या फेऱ्यात रांगत येतो सायमन. मुले ज्याला घाबरून आहेत तो डोंगरावरचा राक्षस म्हणजे हवाई छत्रीत अडकलेले एका वैमानिकाचे प्रेत आहे, हे एकट्याने जाऊन पाहिलेला, आणि तेच सांगायला धडपडत आलेला. हेन्रीचे वर्तुळ दगडाला बाहेर ठेवत होते. हे वर्तुळ माणसाला आत कोंडते. राल्फ आणि पिगीही त्या गर्दीत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिगी, जुळे, सगळे एकमेकांना सांगतात की आपण लवकर निघालो होतो, काही पाहिले नाही. त्याला खून म्हणण्याचे धैर्य फक्त राल्फला होते.

त्या रात्रीच्या अखेरीस मात्र गोल्डिंगचे गद्य एकाएकी असे उजळते की वाचणाऱ्याने श्वास आवरावा. भरती येते, आणि पाण्यातले चांदण्यासारखे तेजाळ सूक्ष्म जीव सायमनच्या केसांभोवती, गालांभोवती दागिन्यांसारखे जमतात. चंद्रसूर्यांची ओढ त्याला अलगद उचलून समुद्रात नेते. मुलांनी नाकारलेला अंत्यविधी सृष्टी पार पाडते. आणि जरा मागे जाऊन पाहा: हेन्री काडीने डिवचत होता ते बहुधा हेच जीव. तिथे ते एका पोराचे गुलाम भासत होते; इथे त्यांच्यापुढे पोरांचे सगळे राज्य क्षुद्र ठरते.

आता शेवटचे दगड. पिगीचा चष्मा वेगळ्या झालेल्या जॅकच्या टोळीने चोरला आहे, आणि तो मागायला राल्फ, पिगी आणि जुळे तिच्या किल्ल्यासारख्या खडकापाशी येतात. वर रॉजर पहाऱ्यावर. तो एक लहानसा दगड जुळ्यांच्या मधून भिरकावतो, आणि लेखक सांगतो की याही वेळी तो लागू नये असाच फेकलेला असतो. म्हणजे वर्तुळ अजून आहे! पण सहा यार्डांचे ते आता दोन भावांमधल्या फटीएवढे उरले आहे. मग त्याचा हात तरफेवर जातो, शिळा सुटते. पिगी आणि त्याच्या हातातला शंख एकाच आघातात नाहीसे होतात. एका पोराच्या दंडातली आज्ञा कशी आक्रसत गेली, याचा आलेख दोन प्रसंगांतल्या दोन अंतरांनी काढणारा लेखक मला तरी दुसरा आठवत नाही.

लपलेल्या राल्फला धुराने हुसकावण्यासाठी जॅकच्या टोळीने लावलेल्या वणव्यामुळेच जहाज येते, हा उपरोध सर्वज्ञात आहे. मला त्याहून आवडतो तो नौदलाच्या अधिकाऱ्याचा एक साधा प्रश्न: तुम्ही एकूण किती जण? राल्फला सांगता येत नाही. ब्रिटिश मुलांकडून याहून बरी अपेक्षा होती, असे अधिकारी सुनावतो. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे आणि पाठीशी युद्धनौका. वडीलधाऱ्यांनी आपल्याला काही खूण पाठवावी म्हणून मुलांनी एकदा आकांताने इच्छा केली, तेव्हाही वरून उतरले होते ते एक प्रेतच. मोठ्यांवाचून बेट म्हणतात, पण मोठ्यांनी या बेटाला क्षणभरही सोडलेले नाही.

कादंबरी निघाल्यावर अकरा वर्षांनी, 1965 मध्ये, तिची एक प्रत्यक्ष परीक्षाही झाली. टोंगाच्या नुकुअलोफा शहरातल्या एका निवासी शाळेतली सहा मुले कंटाळून मासेमारीची होडी पळवून निघाली, वादळात सापडली, वाहत वाहत ‘आता’ नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली आणि तिथे पंधरा महिने राहिली. त्यांनी जाळ विझू दिला नाही. बाग, स्वयंपाक, पहारा यांच्या पाळ्या लावल्या. भांडण झाले तर भांडणारे थोडा वेळ वेगळे होत. दिवस गाण्या-प्रार्थनेने सुरू होई आणि तसाच संपे. एकाचा पाय मोडला, तर इतरांनी काटक्यांनी बांधून तो नीट जोडला. अर्ध्या करवंटीची आणि होडीच्या तारांची एक गिटारही केली. 1966 च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन नावाड्याला ती सापडली. यामुळे गोल्डिंग खोटा पडतो, असे अलीकडे उत्साहाने म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. ती सहाच होती. एकमेकांना नावाने ओळखत होती. त्यांतला एक जरी दिसेनासा झाला असता तरी संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचा आवाज कमी भरला असता. गोल्डिंगच्या बेटावर जे राहून गेले, तेच इथे रोज होत होते. दोन्ही बेटे एकच गोष्ट सांगतात, एक उलटी आणि एक सुलटी.

ही सहा मुले घरी परतली तेव्हा वडीलधाऱ्या जगाने त्यांचे पहिले स्वागत कसे केले, तेही सांगून टाकतो. होडीच्या मालकाची तक्रार अजून उभी होती. पोलिसांनी त्यांना चोरीच्या आरोपाखाली कोठडीत टाकले, आणि वॉर्नरने होडीची किंमत भरल्यावरच त्यांची सुटका झाली.